शत्रू कोणता?

कुंडलसारख्या गावात युद्धाचा विषय निघाला की १९४३ ते १९४६ या काळातले, इंग्रज राजवटीविरुद्ध उभे राहिलेले सातारचे प्रतिसरकार आणि जी. डी. बापू लाडांची तुफान सेना श्रोत्यांच्या मनापुढे उभी राहावी, हे स्वाभाविकच आहे. त्या लढ्यात शत्रू कोण, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. ख्रिस्ती धर्मग्रंथात ज्या आध्यात्मिक युद्धाचे वर्णन येते, त्यात मात्र साधकाची पहिली कसोटी शत्रू ओळखण्यातच लागते.

या युद्धाचे सविस्तर विवेचन इफिसकरांस पाठविलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. परंपरेनुसार बंदिवासातून लिहिणारा पौल तेथे सांगतो, की आपले झगडणे रक्तामांसाच्या माणसांशी नसून अदृश्य दुष्ट शक्तींशी आहे. आणि मग सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण अशी शिपायाची सारी सामग्री तो मांडतो. ती बहुतेक बचावाची आहे. तलवार काय ती एकच, आणि तीही देवाच्या वचनाची. म्हणजे वाळीत टाकणारा भाऊबंद किंवा दारी जप्ती घेऊन आलेला अंमलदारसुद्धा ख्रिस्ती माणसाचा शत्रू ठरत नाही. उलट त्याच्यासाठी प्रार्थना करणे हे कर्तव्य होऊन बसते. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या फौजांना याचा वारंवार विसर पडला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या मुलखात या शिकवणुकीचा कस रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारात लागला. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने दिलेला नवा करार वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने ज्यांचे मन जिंकले, त्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि आप्तेष्टांचा क्षोभ तर ओढवलाच, पण पत्नी लक्ष्मीबाईही मुलासह दुरावल्या. बाहेरच्या निंदेला पाठ दाखविता येते. घरातल्या आकांताला कोणती ढाल पुरणार? टिळकांनी सक्ती केली नाही, आशाही सोडली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्याही आपले सोवळेओवळे सांभाळून, स्वतंत्र चूल मांडून. आणि ती वेगळी चूल टिळकांनी चालू दिली. जातिभेदाचा निकाल लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्याच विचाराने लावला व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा काळ इतक्या निर्वैर विनोदाने रंगविला आहे, की त्यांना छळणाऱ्यांचाही वाचकाला राग येत नाही. माझ्या मते आध्यात्मिक युद्धावरील अनेक प्रवचनांपेक्षा या एका पुस्तकाची योग्यता अधिक आहे.

ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांचा सामना संपला नाही. अभंग-कीर्तनांच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मांडण्याची त्यांची रीत परकीय चौकटीत बसणारी नव्हती. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही मुभा होती. मासिक वेतनाचा आधार सोडून केवळ देवाच्या भरवशावर संन्यस्त वृत्तीने राहण्याचे हे धाडस त्यांनी पंचावन्नी उलटल्यावर केले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. त्यापुढचा बहुतेक सारा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.