पोटाखालचा वारा

ओहायोत ऑक्टोबर सरत आला की गवताची वाढ मंदावते आणि दादाच्या गॅरेजमध्ये वर्षातून एकदा येणारं काम निघतं. गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या, तिथल्या भाषेत रायडिंग मोवरच्या, पोटाखालचा कटिंग डेक, म्हणजे गवत कापणारी पाती असलेला भाग, बाहेर काढायचा. यंदा मी तिथे होते. थंडगार सिमेंटवर कुशीवर पडून खाली डोकावले आणि चकित झाले. चाळीसेक किलोचं ते पोलादी धूड बोल्टांनी आवळलेलं नव्हतंच, ते टांगलेलं होतं! पाच-सहा दांड्या, त्यांच्या टोकांशी आडव्या पिना, आणि पिना निसटू नयेत म्हणून केसांच्या आकड्यासारख्या वळवलेल्या तारेच्या क्लिपा. नुसत्या बोटांनी सुटेल अशी सगळी मांडणी.

टांगण्यामागे कारण आहे. अंगण दुरून सपाट दिसतं, पण त्यात उंचवटे असतातच. डेकच्या कडेला लहान चाकं असतात. सपाट जमिनीवर ती जराशी अधांतरी राहतात, उंचवटा आला की मात्र टेकतात आणि टांगलेला डेक तेवढ्यापुरता वर उचलला जातो. घट्ट बसवला असता, तर पात्यांनी तिथली माती खरवडून टक्कल पाडलं असतं.

"आधी किल्ली काढून खिशात टाक," दादा म्हणाला. "आणि प्लगची वायर उपस." पात्याजवळ हात जाणार असेल, तेव्हा इंजिन चालू होण्याची शक्यताच उरता कामा नये. ही दोन कामं कधीच टाळायची नाहीत.

मग पट्टा. इंजिनाचा दांडा इथे उभा असतो, त्याचं टोक थेट जमिनीकडे. त्यावर एकाखाली एक दोन पुल्या. एकीवरून चाकांकडे जाणारा पट्टा, खालच्या पुलीवरून पात्यांकडे जाणारा. पिठाच्या गिरणीत पट्टा पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगतं, फक्त इथे सगळं आडवं निजवलेलं. सीटजवळचा दांडा ओढला की एक छोटी पुली सरकून पट्टा ताणते आणि पाती फिरू लागतात. दांडा सोडला की पट्टा ढिला पडतो, शिवाय पात्यांच्या पुल्यांना ब्रेक लागतो. आम्ही डेक सगळ्यांत खाली उतरवला, ढिला पट्टा इंजिनाच्या पुलीवरून बोटांनी खाली घेतला आणि मग एकेक पीन काढत गेलो.

इथे एक धोका आहे. डेक वर-खाली करणाऱ्या दांड्याला जोरकस स्प्रिंग जोडलेली असते. डेकचं वजन आणि स्प्रिंगची ओढ एकमेकांना तोलून धरतात, म्हणून तर एवढं जड धूड एका हाताने उचलता येतं. डेक सुटला म्हणजे तराजूचं एक पारडं रिकामं झालं. अशा वेळी दांडा बेसावधपणे खाचेतून सोडवला तर तो फाडकन उसळतो. दादाने तो घट्ट धरून सावकाश सोडला.

पुढची चाकं डावीकडे पूर्ण वळवली आणि उजव्या बाजूने डेक ओढून काढला. मग दोघांनी मिळून तो भिंतीला उभा टेकवला. खरी मौज इथून पुढे आहे.

आत लांबट पाती दोन. गवताचंही पातं आणि यंत्राचंही पातं, मराठीने दोघांना एकच शब्द दिला आहे. डेक ४२ इंची, पातं साधारण २१ इंचांचं. दोन्ही एका ओळीत बसवली, तर मधे एक कापायची राहिलेली रेघ उरणार. वर्तुळं एकमेकांत घुसवली, तर पात्यांची टक्कर होणार. म्हणून एक पातं दुसऱ्याहून थोडं पुढे बसवलेलं असतं. समोरून पाहिलं तर त्यांच्या वाटा एकमेकींवर चढतात, वरून पाहिलं तर वर्तुळं वेगळीच राहतात. एवढ्या साध्या तिरपेपणाने दोन्ही अडचणी सुटतात. मी बराच वेळ तेच पाहत उभी होते.

दुसरं नवल धारेचं. पातं दोन्ही टोकांशी थोडंच धारदार असतं, मधला सगळा भाग बोथट. कापण्याचं काम फक्त टोकं करतात, तीही कशाचाच आधार न घेता. विळ्याने गवत कापताना डाव्या हाताने मूठ धरावी लागते. कात्रीला दुसरं पातं लागतं. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली पहिल्या गवतकापणी यंत्राचं पेटंट घेतलं, तेही कात्रीच्याच तत्त्वावर. लोकरी कापडावरची लव भादरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. इथे मात्र गवत मोकळ्या हवेत उभं आणि पातं एकटं.

मग गवत वाकून निसटत का नाही? लहानपणी शाळेच्या वाटेवर आम्ही छडीने टाकळ्याचे शेंडे उडवायचो. छडी हळू मारली तर रोप नुसतं वाकायचं. सपकन मारली तर शेंडा उडायचा आणि खालचं रोप जवळपास जागचं हलायचंही नाही. तेच हे! मिनिटाला ३,३०० फेरे घेणाऱ्या २१ इंची पात्याचं टोक ताशी सुमारे ३३० किलोमीटरने धावतं. जपानची सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन प्रवाशांना ताशी ३२० किलोमीटरने नेते. गवताला वाकायला वेळच मिळत नाही. (अमेरिकी मानकाने या टोकाला मर्यादा घातली आहे, मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी ३४७ किलोमीटर. एवढ्या वेगाने उडालेला खडा काय करेल, हे सांगायला नको.)

पण वाकलेलं, निजलेलं गवत मुळात उभं कोण करतं? पात्याच्या टोकाची मागची कड वर वळवलेली असते, पंख्याच्या पात्यासारखी. फिरताना ती हवा वर खेचते. हवेबरोबर गवत ताठ उभं राहतं, कापलं जातं आणि त्याच वाऱ्यावर तुकडे बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जातात. खळ्यावर उफणायला वाऱ्याची वाट पाहावी लागते, इथे वारा जागेवर तयार होतो. मी आजवर डेकला झाकण समजत होते. प्रत्यक्षात तो वाऱ्याला वळण देणारी खोली आहे, तिची प्रत्येक गोलाई त्यासाठीच. शिवाय डेकची पुढची कड मागच्यापेक्षा साधारण पाव इंच खाली ठेवतात. पातं पुढून कापून मागे येतं तेव्हा कापलेल्या गवताला पुन्हा शिवत नाही आणि इंजिनाची ताकद वाचते.

ही वाऱ्याची खोली मोकळी राहावी म्हणूनच दर वर्षी डेक काढायचा. ओल्या गवताचा चोथा आतून चिकटून दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखा थर जमला होता. वाऱ्याची खोली अरुंद झाली की गवत उभं राहत नाही, तुकडे बाहेर पडत नाहीत, आणि ओलीखाली पोलाद गंजतं. रंगारी लांबी भरायला वापरतात तसल्या पट्टीने मी तासभर ते खरवडत होते.

एका घरापुरती ही कथा नाही. उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत हिरवळीखाली सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जमीन आहे, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. अनेक गावांत गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की दंड होतो.

डेक गेल्यावर ट्रॅक्टर एकदम उंच, हलका दिसू लागला. आता त्याच्या तोंडाशी बर्फ लोटायचं पातं बसेल. जाताना हातमोजा चढवून मी डेकचं डावं पातं हळूच ढकललं. ते आवाज न करता फिरत राहिलं. उजव्याच्या आत मात्र बारीक खरखर होती, रिकाम्या जात्यासारखी. दादाने कान देऊन ऐकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या आधी लिहून ठेवलं: उजवं बेअरिंग.