टॉमीला फिरवायला कोण नेणार?

"आई, मी त्याचं सगळं करीन. शी-शू, आंघोळ, फिरवणं, सगळं!" हे वाक्य ज्या घरात ऐकू आलं, त्या घरात पंधरा दिवसांत कुत्र्याचं पिल्लू आलंच म्हणून समजा. आणि दोन महिन्यांत ते 'सगळं' आईच्या गळ्यात पडलं, हेही समजा! आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांचा हिशेब झाला की हमखास हा विषय निघतो. सकाळी डबे, नळाचं पाणी, सासूबाईंचा चहा या धांदलीत टॉमी दाराशी कुंईकुंई करत असतो. मग आई म्हणते, "जा रे, कोपऱ्यापर्यंत फिरवून आण त्याला." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "जाऊ दे एकट्याला, जबाबदारी कळेल."

मैत्रिणींनो, जबाबदारी कळते हे खरंच. मुक्या जीवाची वेळ सांभाळायची, थंडी-पावसात उठायचं, हे शिकवण्यासाठी कुत्र्यासारखा गुरू नाही. पण 'आमचा टॉमी गरीब आहे हो, कुणाला काही करत नाही' एवढ्या भरवशावर मुलाच्या हातात साखळी देणं मला पटत नाही. प्रश्न टॉमीचा नाहीच. प्रश्न गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांचा आहे.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने पांढऱ्या पॉमेरियनचं वेड लावलं. पुढे २००३ मध्ये मोबाइलच्या त्या जाहिरातीत छोट्या मुलामागे तुरुतुरु चालणारा पग आला आणि तालुक्याच्या गावातही पग दिसू लागले. पण त्या जाहिरातीत मटणाच्या दुकानापुढची टोळी कुठे होती? आपल्याकडे दर दोन गल्ल्यांना कुत्र्यांची हद्द बदलते. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना पुन्हा त्याच भागात सोडायचं असतं. म्हणजे ती तिथे राहणारच. आपला पट्टेवाला पाहुणा त्यांच्या हद्दीत शिरला की ती अंगावर येतात. अशा वेळी मूल काय करतं? टॉमीला पटकन कडेवर उचलतं! मायाच ती. पण मग खालची कुत्री टॉमीसाठी म्हणून मुलाच्याच अंगावर उड्या घेतात.

मोठ्या कुत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर तीस किलोच्या आसपास भरतो. आपला पाचवीतला मुलगाही साधारण तेवढाच असतो. समोरून मांजर पळालं तर कोण कुणाला ओढत नेईल, सांगायला हवं का? त्यात मुलांना साखळी मनगटाला गुंडाळून घ्यायची सवय असते. ती आधी मोडा. साखळी मुठीत धरायची आणि टोळी अंगावर आली तर सोडून द्यायची. "टॉमी हरवला तर?" असं मूल विचारेल. टॉमी घर शोधत येतो, नाहीतर आपण शोधून आणू, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं. पळायचं तर अजिबात नाही. पळणाऱ्यामागे कुत्रं लागतंच. झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, हात छातीशी, नजर खाली.

माझ्या मते बारा वर्षांपर्यंत एकट्याने नकोच. पुढेही कुत्रं लहानखुरं, रस्ता ओळखीचा आणि वेळ उजेडाची असेल तरच. पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीच्या आसपास फिरकायचं नाही, हेही बजावून ठेवा. आणि आपल्या घरी मादी असेल तर एक गोष्ट आपण संकोचाने बोलतच नाही. वर्षातून साधारण दोनदा ती माजावर येते आणि ते दोन-तीन आठवडे गल्लीतले सगळे कुत्रे तिच्या मागे असतात. त्या दिवसांत मुलांना तिच्याबरोबर बाहेर पाठवूच नका. कारण विचारलं तर सरळ सांगा. शेताभातातल्या मुलांना हे कळतं, आपणच लाजतो.

उलट आपल्याच कुत्र्याने रस्त्यात कुणा आजीबाईंना चावा घेतला तर? जनावराच्या बाबतीत हयगय केली म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. 'साखळी मुलाच्या हातात होती' म्हणून आपण सुटू, या भ्रमात राहू नये.

एवढं वाचून कुणी मुलीचं बाहेर जाणंच बंद करू नका हं! ओळखीतली आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, क्लास सोडला तर संध्याकाळी घराबाहेर पडायला राणी हे एकच कारण आहे मला." काय बोलणार? भावाला मैदान असतं, तिला ती अर्ध्या तासाची फेरी असते. तिची आई आता तिच्याबरोबर निघते. आईचंही चालणं होतं. शेजारच्या दोघीजणी 'कुत्र्यामागे फिरते बघा' म्हणून हसल्या. हसू देत बापड्या.

आता खरं भीतीचं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला फिरवताना भटकं कुत्रं चावलं. त्याने ते चार दिवस मोज्याखाली लपवलं. का? तर "बाबा टॉमीला शेतावर सोडून येतील" म्हणून. सुदैवाने पोरगं वाचलं. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. संशयित कुत्रं चावलेल्यांत दहापैकी चारजण पंधरा वर्षांच्या आतले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १८८५ साली लुई पाश्चरने ही लस पहिल्यांदा टोचली, तीही कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलालाच. म्हणून मुलाला आजच, काही घडायच्या आधी सांगा, "ओरखडा उठला तरी मला सांग, टॉमी कुठेही जाणार नाही."

चावलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण आपली पंधरा मिनिटं तिसऱ्याच मिनिटाला संपतात. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. पट्टीही आवळून बांधायची नाही. आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. आजी म्हणतील, पोटात चौदा इंजेक्शनं असतात. ते दिवस गेले. आता हाताला, ठरलेल्या तारखांना चार-पाच वेळा लस घ्यायची असते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. आपल्या दवाखान्यात ते नसेल तर कुठे मिळेल, हे तिथेच विचारून घ्या. मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तरी जा. टॉमीची दरवर्षीची लस झालेली असो वा नसो, मुलाची टाळू नका. केसपेपर फ्रिजवर चिकटवून ठेवा, पुढच्या तारखा त्याच्यावरच लिहिलेल्या असतात.