आपल्या वस्तीतला नाला किती पावसासाठी बांधला आहे?

वस्तीत पाणी शिरले की महापालिकेचे उत्तर ठरलेले असते: 'यंदा पाऊसच फार झाला.' कार्यकर्त्यांनी तेव्हा विचारावे, हा नाला तासाला किती मिलिमीटर पाऊस धरून बांधला?

नाल्याचा आकार दिवसभराच्या पावसावर नव्हे, तर पावसाच्या तीव्रतेवर ठरतो. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला 25 मिमी पाऊस धरून होती. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती 50 मिमीपर्यंत वाढवायला सांगितली. एक हेक्टर वस्तीवर तासात 50 मिमी पाऊस म्हणजे 5 लाख लिटर पाणी. पत्रे आणि सिमेंटच्या गल्ल्यांमुळे त्यातले बहुतेक थेट गटारात येते.

पण अनेक ठिकाणी फक्त 24 तासांच्या पावसाची नोंद असते. मग अभियंते हवामान खात्याचे एक सूत्र वापरतात. हव्या त्या तासांना 24 ने भागायचे, त्याचे घनमूळ काढायचे आणि दिवसाच्या पावसाने गुणायचे. समजा, दिवसात 200 मिमी पाऊस झाला. सरासरी तासाला 8 मिमीच भरते. सूत्र मात्र सांगते की, सर्वांत जोराच्या तासात सुमारे 69 मिमी आणि 15 मिनिटांत 44 मिमी पाऊस पडू शकतो. म्हणजे त्या सरीचा वेग तासाला 175 मिमी! लहान वस्तीचे गटार अशा एका सरीतच तुंबते.

अर्थात, हा अंदाज आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. सूत्रानुसार सर्वांत जोराच्या तासात 327 मिमी यायला हवा होता; प्रत्यक्षात सुमारे 190 मिमी नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात 75 मिमीसुद्धा पाऊस नव्हता. म्हणून दूरच्या केंद्राचा आकडा आपल्या वस्तीला जसाच्या तसा लावता येत नाही.

मित्रांनो, माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: नाल्यासाठी धरलेली तीव्रता, ती कोणत्या केंद्राच्या किती वर्षांच्या नोंदींवरून काढली, आणि किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस गृहीत धरला. सोबत विहाराच्या किंवा शाळेच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक ठेवा. जोराच्या सरीत दर 15 मिनिटांनी आकडा लिहा, पाणी कुठवर चढले तेही लिहा. पुढच्या बैठकीला ही वही घेऊन जा.