कॉकपिट आणि नेटवर्क सेटिंग्जचे खरे ठिकाण

लिनक्स सर्व्हरचा कारभार ब्राउझरमधून पाहण्यासाठी वापरले जाणारे कॉकपिट हे साधन नेटवर्कची सेटिंग्ज स्वतःकडे साठवते, आणि म्हणून ते काढून टाकल्यास ती सेटिंग्जही नाहीशी होतील, असा समज अनेकांचा असतो. वस्तुतः सर्वसाधारणपणे ९०९० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकात येणाऱ्या जोडणीचे क्रमांकित प्रवेशद्वार) उघडणारे हे पान नेटवर्कमॅनेजर (जोडण्यांची नोंद ठेवून त्या अमलात आणणारी लिनक्समधील सेवा) हिच्यामार्फतच काम करते. एटीएमवर दिसणारी शिल्लक ज्याप्रमाणे त्या यंत्रात नव्हे, तर बँकेतील खात्यात असते, त्याचप्रमाणे येथे बदललेला आयपी पत्ता नेटवर्कमॅनेजरच्या नोंदीत राहतो, आणि टर्मिनलमधून एनएमसीएलआय या आज्ञेने केलेला बदलही याच पानावर दिसतो. चुकीच्या बदलामुळे सर्व्हरशी असलेला संपर्कच तुटला, तर आधी घेतलेल्या चेकपॉइंटवरून (बदलापूर्वीच्या स्थितीची तात्पुरती नोंद) जुनी सेटिंग्ज थोड्याच वेळात आपोआप पूर्ववत होतात. मात्र नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात नसलेल्या जोडण्या कॉकपिटमधून बदलता येत नाहीत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.