फोटो जवळून मिळाला, पण कोणाचा?

शिंपी पक्ष्याचा चांगला फोटो म्हणजे डोळ्यात चमक, तांबूस माथा आणि मागे सगळं धूसर हिरवं. भिंतीवर लावायला छानच. पण संशोधनासाठी फोटो काढणार असाल तर कॅमेरा उचलण्याआधीच ठरवा, की या फोटोतून मला बघायचंय काय?

समजा, विणीच्या काळात किती नरांच्या शेपटीची मधली पिसं लांब वाढली आहेत, हा तुमचा प्रश्न आहे. लेन्स ४०० मिमी, छिद्र एफ ५.६, पक्षी ३ मीटरवर. साध्या एपीएस-सी कॅमेऱ्यात तेव्हा जेमतेम १२ मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पक्षी तिरका बसला की डोळा स्पष्ट आणि शेपटी गेली! एफ ११ केलंत तर पट्टा दुप्पट होतो. त्याऐवजी ६ मीटरवर सरकलात तर चौपट होतो. पक्षी फ्रेममध्ये निम्मा दिसेल, आयएसओ वाढवलात तर दाणेही येतील, पण येऊ देत की. दाणेदार शेपटी मोजता येते, धूसर नाही.

आता खरी गोची. ३ मीटरवरचे फोटो कोणाचे मिळतात? जे तुम्हाला तेवढं जवळ येऊ देतात त्यांचेच. माणूस किती जवळ आल्यावर पक्षी उडतो, त्या अंतराला आपण 'पलायन अंतर' म्हणू. शहरी पक्ष्यांमध्ये ते ग्रामीण पक्ष्यांपेक्षा कमी असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे पुण्यातली बाग आणि ताम्हिणीचं रान यांची तुलना करताना बागेतले बहुतेक सगळे शिंपी तुमच्या फोल्डरमध्ये येतील, रानातले मात्र फक्त धीट. मग आलेखात दिसणारा फरक शेपटीचा की धिटाईचा? मार्गदर्शकांनी हे विचारलं तर उत्तर हवं ना!

म्हणून दोन्ही ठिकाणी एकाच ठरलेल्या अंतरावरून फोटो काढा. न मिळालेले पक्षीही वहीत लिहा: वेळ, झाड, किती मीटरवर उडाला. माझ्या मते ही नोंद फोटोइतकीच मोलाची आहे, आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

पानं शिवून केलेलं घरटं दिसलं तर आडवी येणारी फांदी बाजूला करून फोटो काढू नका. त्या पानांनीच ते कावळ्यांपासून आणि भारद्वाजापासून लपलेलं असतं.