ढेंकीची सम

पहाटे ५.३०. लोणावळ्यात पाऊस जरा उघडला आणि शीळकरी कस्तुराला कंठ फुटला. ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८-१९९२) इथे असता तर वही घेऊन ओल्यात उभा राहिला असता. पक्ष्यांची गाणी टिपून त्यांवर रचना करायच्या, हा या फ्रेंच संगीतकाराचा नाद. १९५३ सालची त्याची एक रचना मध्यरात्री सुरू होऊन भर दुपारी संपते, पक्ष्यांच्या घड्याळाने. वाजायला वीसेक मिनिटं लागतात.

७.००. चहा, रियाज.

१०.३०. संध्याकाळच्या तबल्याच्या वर्गासाठी टिपण. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’तली १२० देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. पुढे तो युद्धकैदी झाला. १५ जानेवारी १९४१ रोजी गर्लिट्झच्या जर्मन छावणीत क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठीची त्याची रचना कैद्यांसमोर वाजली. तिच्या पहिल्याच भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तालांतून बांधलेली आहे. माझी कुरकुर एवढीच, की त्याने नुसते काळाचे तुकडे उचलले. सम, खाली-भरी काही घेतलं नाही. पण देवगिरी आमची आणि यादी कामाला आणली त्याने, हेही खरंच.

३.४०. तळेगावला जायला लोकल. मळवलीला भाज्याची बाजू धुक्यात गडप. तिथल्या लेण्यात नर्तिकेला साथ करणारी वादक बाई कोरलेली आहे. तिला बेधडक तबलजी म्हणणारे भेटतात. मी वाद घालत नाही.

५.००. वर्ग. फळ्यावर त्याच यादीतली ‘ढेंकी’ मांडली: गुरू, लघू, गुरू. म्हणजे दोन, एक, दोन. ‘चिमा काय कामाची’सारखी उलटी वाचली तरी तीच. मेसियाँला असल्या लयींचं भारी वेड. मुलांनी टाळ्या दिल्या, बोलही बसवले: धा ऽ, ना, धा ऽ.

‘सर, पण याची सम कुठे?’ मागच्या रांगेतली एक मुलगी.

‘मेसियाँकडे नाही. आपण देऊ. दोन ढेंकी म्हणजे किती मात्रा?’

‘दहा. झपताल!’

पेटीवर झपतालाचा लेहरा धरला. दोन-तीन, दोन-तीनच्या चालीवर दोन-एक-दोन आधी अडखळलं. तिसऱ्या आवर्तनाला तिचा हात थबकला. दुसरी ढेंकी बरोबर सहाव्या मात्रेवर, खालीवर सुरू होत होती. तिने तिथला ‘धा’ काढून ‘ता’ लावला. मी सांगितलं नव्हतं.