शुक्रवारचा लिलाव

सकाळी ६.४५
जोगेश्वरी स्टेशन. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून हार्बरची सीएसएमटी लोकल. वेळ खाते, पण उतरलं की फोर्टमधलं ऑफिस चालत गाठता येतं. वडाळा येईपर्यंत अमेरिकी रोख्यांचे रात्रीचे दर आणि तेलाचा भाव फोनवर बघून होतो.

९.००
मी एका प्रायमरी डीलरकडे सरकारी रोख्यांच्या डेस्कवर आहे. केंद्र सरकारचं दीर्घ मुदतीचं कर्ज रिझर्व्ह बँक लिलावाने उभं करते, बहुधा शुक्रवारी. आज दहा वर्षांचा पेपर (रोखा), ३०,००० कोटींचा. पहिला अर्धा तास अंडररायटिंग: माल पडून राहिला तर आम्ही किती उचलू आणि त्या हमीचं कमिशन किती. कमिशन पैशांत, जोखीम कोटींत.

१०.३०
रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर बोली सुरू. सुरू म्हणायचं इतकंच; बराच वेळ फक्त फोन चालतात. फंडवाले, विमावाले, पीएफ ट्रस्ट. दुसरा काय भरतोय हे प्रत्येकाला हवं असतं, स्वतःचं कोणी सांगत नाही. खऱ्या बोल्या ११.२५ नंतर पडतात.

झगडा दोन-चार पैशांचा. पण यील्ड (रोख्यावरचा परतावा) एका बेसिस पॉइंटने, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागाने चढलं, तर ३०,००० कोटींवर सरकारला वर्षाला साधारण ३ कोटी जास्त पडतात, तेही दहा वर्षं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात बाजारातून १४.८२ लाख कोटी उचलायचं ठरलं. तेवढ्यावर हाच एक पॉइंट वर्षाला १४८ कोटींना जातो. त्याच अर्थसंकल्पात नुसत्या व्याजाला १२.७६ लाख कोटी आहेत, एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. टीव्हीवर वाद होतो तो कर्जाच्या आकड्यावर. दर काय आणि मुदत किती, हे कोणी विचारत नाही. मला तोच मुख्य प्रश्न वाटतो. मुदत लांबवली की आजचा दर बांधला जातो आणि मुद्दल पुढे ढकललं जातं. चाळीस वर्षांचा पेपर २०१५मध्ये आला, पन्नासचा २०२३मध्ये.

दुपार
कटऑफ, म्हणजे स्वीकारलेला शेवटचा दर, आला. आमची थोडी बोली लागली, गळ्यात काही पडलं नाही. २०२१ वेगळं होतं. रिझर्व्ह बँकेला दहा वर्षांचं यील्ड सहा टक्क्यांच्या आसपास हवं होतं, बाजार जास्त मागत होता; लिलाव डिव्हॉल्व्ह व्हायचे, म्हणजे उरलेला पेपर आमच्यासारख्या प्रायमरी डीलरांकडे यायचा. व्याज आटोक्यात ठेवायचा तोही एक मार्ग.

५.००
ट्रेडिंग बंद. लिलावाचे पैसे सोमवारी चुकते होणार. त्याची जुळवाजुळव बॅक ऑफिसकडे.

रात्री ८.१५
जिन्यात शेजारचे काका. निवृत्तीनंतर त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडलंय; दहा हजारांपासून रोखे घेता येतात.

"काय रे, सरकार आमचे पैसे परत कुठून देणार?"

"नवीन रोखे विकून, काका. २०२५-२६चंच बघा: १४.८२ लाख कोटी उचलायचे, त्यातले सव्वातीन लाख कोटी जुने फेडायलाच."

"म्हणजे टोपी फिरवायची."

"हो. फिरवताना दर वाढू द्यायचा नाही, एवढंच."

काका थोडा वेळ गप्प.

"पुढच्या वेळी चाळीसवाला कधी येतोय ते सांग. व्याज जास्त आहे ना त्याला?"

"थोडं. पण काका, तुमचं वय एकाहत्तर."

"मग काय झालं? व्याज मी खातो. मुद्दल नातू बघेल."